मद्य म्हणून पिण्यास अयोग्य

गोजरबाईंच्या माजघरात एकंदर एक्केचाळीस बाटल्या होत्या. सतरा केसांच्या तेलाच्या, अकरा खोकल्याच्या औषधाच्या, नऊ गुलाबाच्या सरबताच्या, तीन शाईच्या, आणि एक अशी की तिच्यात पूर्वी काय होतं ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांत मिळून वीस लिटर सहाशे मिलिलिटर द्राक्षासव होतं. ही मोजणी गोजरबाईंचा भाचा निवृत्ती याने केली होती, आणि दोनदा केली होती.

निवृत्ती नागपूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि नोकरीच्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत अमडापूरला आत्याकडे राहायला आला होता. उत्तर येत नव्हतं, म्हणून तो मोजत होता. पहिल्या आठवड्यात त्याने ओसरीची लांबी, विहिरीचा दोर आणि आत्याचा पितळी चमचा मोजला. चमचा ९.६ मिलिलिटरचा निघाला. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती, दशमान पद्धतही आली होती. पण गोजरबाई अजून शेर-पावशेरातच नांदत होत्या. चमच्याचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. माह्या सासूपासून हा चमचा बिना आकड्याचाच चालून राह्यला होता."

द्राक्षासव गोजरबाई दरवर्षी करत. मनुका, गूळ, धायटीची फुलं, मिरी, लवंग, वेलची, सगळं मोठ्या बरणीत घालून बरणी महिनाभर गव्हाच्या कणगीत पुरून ठेवायची. मग गाळून बाटल्यांत भरायचं. गावातली बाळंतीण असो, खोकलेकरी असो की अन्नावर वासना नसलेलं माणूस असो, गोजरबाईंच्या ओसरीवर यायचं, दोन चमचे घ्यायचे, तेवढंच पाणी, तेही जेवण झाल्यावर. बाटल्यांवर काही लिहिलेलं नसे. लिहायची गरज कधी पडली नव्हती.

ती पडली भगवानरावांमुळे. शेजारच्या भगवानरावांनी खोकल्यासाठी म्हणून एक बाटली नेली आणि ती केसांच्या तेलाची असल्यामुळे पंधरा दिवस रोज डोक्याला चोळली. केस गळायचे थांबले, असं त्यांचं म्हणणं होतं. खोकला मात्र तसाच राहिला. विज्ञानाच्या पदवीधराला हे सहन होण्यासारखं नव्हतं. निवृत्तीने त्याच दिवशी एक्केचाळीस चिठ्ठ्या कापल्या, खळ शिजवली आणि सुवाच्य अक्षरात प्रत्येकीवर लिहिलं: 'द्राक्षासव. मात्रा दोन चमचे, समभाग पाण्यासह, जेवणानंतर.' एवढं लिहूनही चिठ्ठीवर खाली बोटभर जागा उरत होती. ती रिकामी सोडणं त्याच्या जिवावर आलं. बरणीच्या तळाशी उरलेल्या आसवातून त्याने शंभर मिलिलिटर नमुना घेतला, संध्याकाळपर्यंत त्याच्याशी झटापट केली आणि उरलेल्या जागेत लिहिलं: 'मद्यार्क ९.४ टक्के, आकारमानाने.'

त्या बोटभर जागेने पुढचं सगळं घडवलं.

वच्छलाबाई नावाच्या एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी पिंपळगाव राजाला निघाल्या होत्या. त्यांनी द्राक्षासव भरलेली तेलाची एक बाटली घेतली, पिशवीत घातली आणि खामगावच्या एसटीत बसल्या. शेजारच्या जागेवर हिंमतराव बसले होते. हिंमतरावांना डोळ्यांसमोर येईल ते वाचायची सवय होती. तिकीट त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं, 'गाडीबाहेर हात काढू नये' हे वाचलं, पुढच्या उतारूच्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचलं. मग वच्छलाबाईंच्या पिशवीतून वर डोकावणारी बाटली वाचली. चौथी ओळ वाचल्यावर त्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. हिंमतराव दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर होते.

चौथ्या दिवशी ते ओसरीवर हजर झाले.

"हा आकडा तुम्ही लिहिला?"

"हो," निवृत्ती अभिमानाने म्हणाला. आकड्याची विचारपूस करणारा अमडापुरातला हा पहिलाच माणूस होता.

"आणला कुठून?"

"मोजला. नमुना उकळला, वाफ नळीतून नेऊन थंड केली, जमलेल्या द्रवाची घनता काढली."

हिंमतरावांचं पेन थांबलं. "म्हणजे घरात दारू गाळली."

"ऊर्ध्वपातन केलं."

"कशावर?"

"चुलीवर. पण पद्धत शास्त्रीय होती."

"चुलीवर, शास्त्रीय पद्धतीने," असं पुटपुटत हिंमतरावांनी लिहिलं. "पुढे?"

पुढे निवृत्तीने जे जे खुलासे केले त्या प्रत्येकाला एक एक कलम लागलं. तो अचूक बोलत होता आणि हिंमतराव अचूक लिहून घेत होते. शेवटी गोजरबाईच मध्ये पडल्या. "साहेब, आधी चहा घ्या. बाबू, तू आता बोलू नको. जितकं शिकला तितकं नको सांगू."

चहा पिताना हिंमतरावांनी हुकूम वाचून दाखवला. आजपासून आसवाचं वाटप बंद. पंधरा दिवसांत दोन पंच आणि मद्याची जाण असलेली एक व्यक्ती यांच्यासमोर, सदर पदार्थ मद्य म्हणून पिण्यास अयोग्य आहे, असं सिद्ध करावं. सिद्ध झालं तर प्रकरण मिटलं. नाही तर चाळीसही बाटल्या उकिरड्यावर ओतण्यात येतील आणि गोजरबाईंवर खटला भरण्यात येईल.

गोजरबाईंचं वय साठ होतं. आजवर त्या कोर्टाच्या दारातूनही गेल्या नव्हत्या. पण त्या घाबरल्या नाहीत, चिडल्या. "अयोग्य? माहं आसव पेयाले अयोग्य? अन् हे मीच सिद्ध करू?"

त्याच दिवशी पलीकडच्या शालूबाईंची सून बाळंत झाली. शालूबाई रोज सकाळी कुडावरून विचारू लागल्या, "कवा सुटन वं आसव? पोरीच्या अंगात जीव नाई राह्यला." गोजरबाई निवृत्तीकडे बघत. निवृत्ती चमच्याकडे बघे.

पंच मिळाले. एक भगवानराव आणि दुसरे माणिकराव. खरी अडचण होती ती मद्याची जाण असलेल्या व्यक्तीची. निवृत्ती वही घेऊन गावात फिरला आणि प्रत्येकाला विचारू लागला, "तुम्हाला दारूची जाण आहे का?" एका दिवसात त्याने निम्म्या गावाशी वैर ओढवून घेतलं. माणिकराव, ज्यांचे डोळे सकाळी दहालाच लाल असत, ते म्हणाले, "मले तं वास बी माहीत नाई. असते कशी ते? पानचट असते का?" भगवानराव म्हणाले, "भाऊ, तुले हे इचाराले माहंच घर भेटलं काय बे?" दारूबंदी इतकी यशस्वी झालेला दुसरा गाव निवृत्तीने पाहिला नव्हता.

शेवटी शालूबाईंनीच नाव सुचवलं. गावाच्या दक्षिण टोकाला इंद्रभान राहत. बोटीवर नोकरी करून ते परत आले होते. विलायतेला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर, जेवणाच्या दालनात, बावीस वर्षं त्यांनी वाईनचं काम पाहिलं होतं. कोणत्या टेबलाला कोणती बाटली द्यायची, ते. त्यांच्याकडे कप्तानाच्या सहीचा इंग्रजी दाखलाही होता.

निवृत्ती गेला तेव्हा इंद्रभान लिंबाखाली बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. निवृत्तीने वहीत आधीच रकाने आखले होते: रंग, वास, तापमान, पेला, कशासोबत, शेरा.

"वाईन किती अंशांना द्यावी?" त्याने विचारलं.

"पेनाऱ्याले घाम येऊन राह्यला असन तं थंडी करून. हुडहुडी भरली असन तं तशीच."

"पण अंश?"

"बाटलीले बोट लावाचं अन् पाहाचं."

निवृत्तीने तो रकाना रिकामा सोडला. "लाल मांसाबरोबर आणि पांढरी माशांबरोबर, असं मी वाचलं आहे."

"म्या बी वाचलं होतं सर. एक डाव एका मेमनं मच्छीसंग लाल मांगली. मोठा स्टुअर्ड म्हने, जाय, सांग तिले, बाई तुमी चुकून राह्यल्या. म्या जाऊन पाह्यलं तं ते बाई डोये मिटून खाऊन राह्यली होती. आता डोये मिटून खानाऱ्या मानसाले चुकलं म्हून कसं सांगाचं? म्या पुन्हा ओतली अन् परत आलो."

"आणि पेला गोल फिरवून हुंगतात ते?"

"हुंगा ना! नाई कोन म्हन्ते? पन हुंगता हुंगता कपायाले आठी पडली, का मंग ते वाईन नाई राह्यली. परीक्षेचा पेपर झाला तो."

"मग चांगली वाईन ओळखायची कशी?"

इंद्रभानांनी बशी खाली ठेवली. "बूच निंघालं, अन् टेबलावरचे अनोळखी लोक एकमेकाइले गाव इचारू लागले, का समजाचं चांगली हाय. सगये गुमान पेत राह्यले, तं बाटली आजोबाच्या वयाची असो, काई कामाची नाई."

"तुम्ही आता घेत नाही?"

"कायदा हाय ना सर. म्या चहा पेतो. त्यात बी तेच हाय. घाई नसली म्हंजे झालं."

निवृत्तीने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'प्रमाणित करता येत नाही.' मग त्याला एक शंका आली. "इंद्रभानजी, बावीस वर्षांत तुम्ही एखादी वाईन वाईट आहे असं म्हणालात?"

इंद्रभानांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. बराच वेळ आठवलं. "नाई बाप्पा."

म्हणजे आसव अयोग्य ठरवायला जो एकमेव माणूस होता, त्याच्या तोंडून अयोग्य हा शब्द निघणं शक्य नव्हतं. निवृत्तीने निष्कर्ष काढला की माणूस बदलता येत नसेल तर नमुना बदलावा. त्याने औषधाच्या बाटल्यांतली एक बाजूला काढली आणि तिच्यात कडूजहर किराईताची पूड घालायला सुरुवात केली. दर शंभर मिलिलिटरला अर्धा ग्रॅम, मग एक, मग दीड. प्रत्येक वेळी स्वतः चाखून तो तोंडाची प्रतिक्रिया लिहून ठेवी. दोन ग्रॅमला 'डाव्या डोळ्यातून पाणी' अशी नोंद आहे. अडीच ग्रॅमची नोंद वाचता येत नाही. तिथे तो थांबला. हा पदार्थ माणसाने आपखुशीने प्यावा असा राहिलेला नाही, याची त्याला खात्री पटली. आत्याला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला ओसरीवर सतरंजी अंथरली गेली. हिंमतराव कागद मांडून बसले, पंच बसले. इंद्रभान धुतलेला कोट घालून आले, आणि त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक काचेचा पेला होता. निवृत्ती हरखला. तज्ज्ञाने आपलं उपकरण आणलं होतं. त्याने पट्टी लावून पेला मोजला आणि वहीत लिहिलं: 'उंची अकरा सेंटिमीटर.'

"हा खास वाईनचा पेला का?"

"नाई सर," इंद्रभान हळूच म्हणाले, "हा गावचा पेला हाय. कोनाच्या घरी जाचं असलं का संग घेतो. घरच्या मानसाले मंग भांडं इसळाची पंचाईत नको."

गोजरबाई फुलपात्रं घेऊन बाहेर येत होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांनी इंद्रभानांच्या हातातला पेला घेतला, देवळीत ठेवला, आणि जसं माणिकरावांपुढे ठेवलं तसंच एक पितळी फुलपात्र त्यांच्यापुढे ठेवलं. "माह्या घरी भांड्याची कमी नाई, इंद्रभानभाऊ."

निवृत्तीने वहीतले अकरा सेंटिमीटर खोडले.

मग किराईत घातलेली बाटली उघडली. भगवानरावांना निवृत्तीने आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी घोट घ्यायच्या आधीच तोंड वेडंवाकडं केलं. माणिकरावांनी एका दमात फुलपात्र रिकामं केलं आणि पंच म्हणून आपलं मत अजून बनलेलं नाही, असं सांगून पुन्हा पुढे केलं. सगळ्यांचं लक्ष इंद्रभानांकडे लागलं. त्यांनी ना हुंगलं, ना फिरवलं. एक घोट घेतला, भिंतीला टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचा समुद्र आला.

"वा!" ते म्हणाले. "जेवनाच्या आंधी भूक लागाले म्हून बोटीवर अशी कडू देत. मोठमोठे साहेब वाट पाहात तिची. बाई, ह्या गावात असं भेटन हे सपनात नव्हतं."

निवृत्तीने डोळे मिटून घेतले.

"कडू?" गोजरबाई म्हणाल्या. "माहं आसव कडू?" त्यांनी बोट बुडवून चाटलं. "किराईत! कोनं घातलं किराईत? बाबू!"

निवृत्तीने मात्रेसकट कबुली दिली. खोटा आकडा सांगणं त्याला जमलं नसतं. हिंमतरावांनी नवीन कागद घेतला आणि 'पुराव्यात भेसळ' असा मथळा लिहिला. गोजरबाई तरातरा आत गेल्या, सरबताची बाटली घेऊन आल्या आणि त्यांनी सगळ्यांना, हिंमतराव सोडून, खऱ्या आसवाचा एक एक चमचा दिला. भगवानरावांचं वेडंवाकडं तोंड आपोआप सरळ झालं.

"आता सांगा," त्या कडाडल्या, "आहे का कोन्या गावात असं?"

"नाई," दोन्ही पंच एका आवाजात म्हणाले.

"वयनी, हे तं अमृत हाय," भगवानराव आणखी म्हणाले. त्यांना गप्प बसवायला निवृत्तीच्या हाताशी काही नव्हतं.

हिंमतरावांनी पेनात शाई भरली. "म्हणजे पिण्यास योग्य. पंचांचं एकमत. तज्ज्ञांचंही." कुडावरून शालूबाईंचा चेहरा दिसत होता. गोजरबाईंना आपण काय करून बसलो ते आता कळलं, आणि त्या खांब धरून खाली बसल्या. त्यांच्या हातात चमचा होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "वाईट हाय असं तोंडानं कसं म्हनू, साहेब? बाळंतिनीले देतो मी हे."

"साहेब," इंद्रभान म्हणाले, "कागदावर काय लिवलं हाय ते एक डाव वाचान का?"

"मद्य म्हणून पिण्यास अयोग्य."

"मंग मद्य म्हून पेलं कोनी? आपन तं चाखलं. बसून, गप्पा मारत, फुलपात्रातून. दारू अशी पेतात काय? दारू पेनारा जवा पाहिजे तवा पेते, उपाशी पोटी पेते, पाहिजे तितकी पेते, अन् कोनी इचारत नाई. ह्या घरी असं पेता येते का, ते पाहा. आलं तं योग्य लिवा. नाई आलं तं अयोग्य."

हिंमतरावांनी वाक्य तीनदा वाचलं. वाचणारा माणूस होता तो. शब्द जिथे होता तिथेच होता, आणि तो 'म्हणून' असाच होता. "हे सिद्ध कसं करणार?"

"प्रयोग करून!" निवृत्ती उभाच राहिला. पंधरा दिवसांत त्याला प्रथमच श्वास आला. कालावधी एक तास. उपलब्ध साठा, मोजलेला. हिंमतराव तासभरापुरती वाटपबंदी उठवतील. सरकारकडून कोणताही अडथळा नाही. गोजरबाईंनी नेहमीप्रमाणेच वागायचं, आणि एका धडधाकट, इच्छुक माणसाने आसव दारू म्हणून, जितकं मिळेल तितकं, प्यायचं.

"सरकारी काम हाय," माणिकराव म्हणाले, आणि कोणी बोलवायच्या आत पुढे सरकले. त्यांच्या आयुष्यात असा तास पुन्हा येणार नव्हता. "आना वयनी. भरा."

"जेवला काय?" गोजरबाईंनी विचारलं.

"नाई, पन—"

"उपाशी पोटी आसव? आतडे जाळाचे हायत काय?" त्या आत गेल्या. पाट मांडला, पिठलं आलं, भाकरी आली, मिरचीचा ठेचा आला. माणिकराव घाईघाईने एक भाकरी संपवून उठू लागले तर दुसरी पडली. "एका भाकरीवर कोनी उठते काय? बसा."

निवृत्ती घड्याळाकडे पाहून नोंदी करत होता. बाविसाव्या मिनिटाला माणिकरावांनी हात धुतला आणि म्हणाले, "आता?"

"आता काय? काय होते तुमाले? खोकला हाय?"

माणिकराव खोकले. गोजरबाईंनी त्यांना तोंड उघडायला लावलं, उजेडाकडे वळवलं आणि घसा पाहिला. "खोकला कोरडा हाय. आंधी आल्याचा रस घ्या."

आल्याचा रस घेतल्यावर माणिकरावांनी खोकला मागे घेतला आणि अशक्तपणा पुढे केला. "मले लय कमजोरी हाय, वयनी."

"काऊन? बाळंत झाले काय?"

हिंमतरावांनी रुमाल तोंडाला लावला. छत्तिसाव्या मिनिटाला गोजरबाईंना दया आली. त्यांनी माजघराचं दार उघडलं, दोन चमचे आसव फुलपात्रात ओतलं, दोन चमचे पाणी घातलं आणि समोर उभं राहून पाजलं. माणिकरावांनी फुलपात्र पुन्हा पुढे केलं.

"संध्याकाळी. जेवन झाल्यावर या."

"वयनी, तास संपून राह्यला!"

"मंग थोडं ताक घ्या."

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला माणिकरावांनी माजघराच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली गोजरबाईंच्या कमरेला. एकावन्नाव्या मिनिटाला ते ओसरीच्या भिंतीला टेकले. पिठल्याचं जेवण झालेलं, दुपारचा वारा सुटलेला. बावन्नाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली. इंद्रभानांनी त्यांच्या डोक्याखाली सतरंजीची घडी सरकवली.

तास भरला. हिंमतरावांनी घड्याळ खिशात ठेवलं, 'पुराव्यात भेसळ' असा मथळा असलेला कागद चार घड्या करून त्याच खिशात घातला आणि निवृत्तीला निकालाची नोंद पंचनाम्यात घालायला सांगितली. निवृत्तीने सुवाच्य अक्षरात लिहिलं. दोन पंचांनी सह्या केल्या, त्यांपैकी एकाला त्यासाठी उठवावं लागलं. इंद्रभानांनी इंग्रजीत सही केली. कुडापलीकडे शालूबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. नोंद अशी होती:

उपलब्ध द्राक्षासव: बाटल्या एकोणचाळीस, एकोणीस लिटर सातशे पन्नास मिलिलिटर. कालावधी: साठ मिनिटे. इच्छुक इसमाने सेवन केलेले पदार्थ: ज्वारीच्या भाकरी साडेतीन, पिठले चार वेळा, ठेचा, आल्याचा रस एक चमचा, ताक एक फुलपात्र, पाणी १९.२ मिलिलिटर, द्राक्षासव १९.२ मिलिलिटर. त्यातील मद्यार्क: १.८ मिलिलिटर.